वधू-वर मेळाव्यातला बोकड

नळदुर्गात वेबसाइट कोण बनवतं, असं हायवेवरच्या कुठल्याही ढाब्यावर विचारा, माझंच नाव सांगतील. मी अमरनाथ. माझ्या हाताखालची साइट बंद पडली, असं आजवर झालेलं नाही. कारण एकच, माझी करडी नजर!

आमच्या सगळ्या साइट एकाच होस्टिंग खात्यावर आहेत. विजेच्या एका डीपीवर साऱ्या शिवारातल्या पाण्याच्या मोटारी असतात ना, तसं. एकीनं जास्त ओढलं की सगळ्याच बंद. भार दाखवायला कंपनी एक मीटर देते, हिरवा, पिवळा, लाल. तो सारखा उघडून कोण बघणार? म्हणून मी स्वतःच एक प्रोग्राम लिहिला आणि त्याचं नाव ठेवलं 'पहारेकरी'. तो प्रत्येक साइटला सारखा हाका मारणार, "बरी आहेस ना?" आणि मला कळवणार. त्या दिवशी उमादेवीअक्कांचा वधू-वर मेळावा होता, म्हणून मी पहारेकरी लॅपटॉपवर लावला, मोबाइलवर लावला, शिवाय माझ्या दुकानातल्या कॉम्प्युटरवरही लावून आलो.

अक्कांनी समाजातली निम्मी लग्नं जुळवलीत, पण त्यांचा सख्खा भाचा शिवानंद अजून तसाच. पोरगा गुणी, खतांचं दुकान चालवतो, फक्त चारचौघांत तोंड उघडत नाही. त्या दिवशी आळंदहून शंकरप्पा खास त्याला बघायला आले होते, सोबत मुलगी महेश्वरी. अक्का स्टेजवरून माहिती सांगणार आणि मी मागच्या मोठ्या पडद्यावर साइटवरचा फोटो दाखवणार, असं ठरलेलं.

पडदा लावला आणि खिशात मोबाइल थरथरला. मीटर लाल!

माझा संशय थेट ईट गावच्या बलभीमतात्यांवर गेला. त्यांची शेळ्या-बोकडांची साइट आमच्याच खात्यावर, आणि फोटो हे एवढाले. लगेच फोन लावला.

"तात्या, तुमच्या बोकडांचा भार फार व्हायलाय."

"व्हनारच की. चारापान्याला कमी पडू देत न्हाय म्या."

"तसा नाही, साइटवर. फोटो बारीक करावे लागतील."

"बारीक? मंग गिऱ्हाईकाला बोकड मरतुकडं दिसंल."

त्यांची समजूत घालण्याइतका वेळ नव्हता. मी बोकडांचे फोटो उतरवून बारीक केले. भार अजून कमी व्हावा म्हणून वधू-वरांचेही केले. दोन्ही फोल्डरांचं नाव 'फोटो', आतल्या फोटोंना नुसते आकडे. गडबडीत परत चढवले आणि अक्कांना अंगठा दाखवला.

अक्कांनी माइक घेतला. पडद्याकडं त्यांची पाठ.

"हा आमचा शिवानंद," त्या म्हणाल्या, आणि मागं काळाभोर, लांब कानांचा, मोठा रुबाबदार बोकड उभा राहिला.

"दिसायला साधा, पण अंगानं भरलेला. पूर्ण शाकाहारी."

पहिल्या रांगेतल्या बायकांनी तोंडाला पदर लावले.

"शेताची भारी आवड. सकाळी बाहेर पडला की संध्याकाळीच घरी येणार."

सगळा हॉल हसायला लागला. अक्कांना वाटलं, पोरगा लोकांना आवडला. "हसू नका, खरं सांगतेय," त्या अजून रंगात आल्या. "कुणावर कधी आवाज चढवत नाही. पुढ्यात ठेवाल ते गुमान खातो."

मी जिवाच्या आकांतानं बटणं दाबत होतो. मीटर लालच, साइट गोठलेली, बोकड पडद्यावरून हलेना! लोक मोबाइल काढून फोटो घ्यायला लागले. तेवढ्यात बलभीमतात्यांचा फोन.

"अमरनाथ, माझ्या बोकडाच्या जागी ह्यो चष्मेवाला कोन हुबा केलास? सोलापूरचं गिऱ्हाईक इचारतंय, ह्याचे दात बघाया मिळत्याल का म्हनून."

त्यांचा फोन ठेवला आणि कोपऱ्यात जाऊन कंपनीला लावला. तिकडून एक मुलगी शांतपणे म्हणाली, "सर, तुमच्या साइटवर आज फोटोंचा भार नाहीच. 'पहारेकरी' नावाचं काहीतरी तीन ठिकाणांहून सारखं हाका मारतंय. ते बंद केलंत तर बरं होईल. कुणाचं आहे, माहितीय का?"

"बघतो," एवढंच बोललो.

लॅपटॉपवरचा बंद केला, मोबाइलवरचा बंद केला. दुकानाकडं धावत जाऊन तिसराही बंद करून आलो. मीटर हिरवागार! धापा टाकत फोटो जागच्या जागी लावले आणि पडद्यावर अखेर शिवानंद आला. चष्म्यातला, घाबरलेला. एव्हाना अक्काही मागं वळल्या होत्या. त्यांच्या नजरेचं वर्णन मी करणार नाही.

शिवानंदच्या मानेपर्यंत लाली चढली होती. महेश्वरी त्याच्याकडं बघत म्हणाली, "आधीच्या फोटोत तुम्ही जास्त खुशीत दिसत होता."

आता हा नेहमीसारखा खाली बघणार, असंच मला वाटलं. पण शिवानंद बोलला. "त्याला कुणी बघायला येणार नव्हतं ना."

महेश्वरी खळखळून हसली. थोड्या वेळानं दोघं खिडकीपाशी खुर्च्या ओढून बसलेले दिसले, आणि बोलत होता तो शिवानंद!

अक्का माझ्याकडं आल्या. लॅपटॉप मिटला, उचलून कपाटात ठेवला आणि माझ्या हातात हुग्गीची, म्हणजे गव्हाच्या खिरीची, बादली दिली. "आता फक्त वाढ," म्हणाल्या.

पंगतीत शंकरप्पांनी वाटी पुढं केली. "वेबसाइटवाले तुम्हीच ना? आमच्या डाळमिलची एक करून द्या की."

माझी छाती परत फुगली. "अवश्य. कसलीच काळजी करू नका, मी स्वतः चोवीस तास लक्ष ठेवतो."

"तेवढं ठेवू नका," शंकरप्पा म्हणाले आणि आणखी हुग्गीसाठी वाटी पुढं सरकवली.