गच्चीवरील निशाण आणि नावेतील कुत्रे यांची बखर

श्री. ज्या काळी वाहिनी एकच होती आणि ती पाहावयास अवघे राज्य एका खोलीत मावत होते, त्या काळास प्रथम नमन करून ही हकीकत लिहिली असे. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासी राजश्री त्र्यंबकराव सबनीस यांस एक पत्र आले आणि त्याचे उत्तर गेले नाही. मार्गशीर्ष सरला, पौष सरला, माघही सरला, आणि पत्र आपले चष्म्याच्या घरात चष्म्याखाली पडून राहिले, आणि त्र्यंबकराव चष्मा काढिते समयी ते पाहात आणि ठेविते समयीही पाहात आणि मनी म्हणत, उद्या लिहू. ऐसे उद्या बहुत जाहले. पत्र पाठविणार राजश्री रंगनाथराव भोईटे, पूर्वीचे स्नेही, आणि अडतीस वर्षे उभयतांत शब्द नाही. पत्रातील मजकूर येणेप्रमाणे:

“सबनीस, जिवंत असशील असं धरून लिहितो. आपली ती नावाड्याची मालिका नातीने मोबाइलवर काढून दिली. सगळे भाग पाहिले. कुत्रं कुठंय रे? एकाही भागात नाही. मला वाटलं डुलकी लागली असेल, म्हणून पुन्हा पहिल्यापासून पाहिले. नाही ते नाहीच. नावाडीसुद्धा साधाच माणूस निघाला, तुझा होता तसा नाही. शेवटचा भाग तेवढा पाहिलेला नाही. तो तू सांगायचा राहिलास. पाडव्यापर्यंत वाट पाहतो. नाही सांगितलास तर नातीकडून लावून घेतो, मग जे निघेल ते निघेल आणि तुझी माझी गोष्ट संपली. झेंड्याचं विचारू नकोस. रंगनाथ.”

आता हे कुत्रे कोणते आणि हा झेंडा कोणता, त्याची पूर्वपीठिका सांगितली पाहिजे. शके एकोणीसशे नऊ, प्रभव नाम संवत्सरे, एक राज्य होते. त्याचे नाव लिहीत नाही. इमारती चार, मध्ये एक नळ, सभोवार कुंपण, आणि रयत सारी पाटबंधारे खात्याची. तख्त म्हणावे तर उपअभियंता कारखानीस यांचे दिवाणखान्यात होते. लाकडी पेटी, तीस दोन सरकती दारे आणि दारांस कुलूप, आणि किल्ली कारखानीसबाईंचे कमरेस. रविवारी सकाळी बाई स्वहस्ते कुलूप काढीत आणि राज्य दर्शनास लोटे, आणि दाराबाहेर चपलांचा ऐसा ढीग होई की घरी जाताना कोणी कोणाची घाली. लोक म्हणतात, तेव्हा सर्व समान होते. तसे नव्हते, तेही लिहिले पाहिजे. अभियंते सोफ्यावर, कारकून सतरंजीवर आणि शिपाई उंबऱ्याबाहेर. परंतु हसू येई ते सर्वांस एकदम येई, इतके खरे.

त्र्यंबकराव खात्याचे जुन्या कागदांच्या दप्तरखान्यात हुद्द्यावर होते. वाचन बहुत, बोलणे थोडे, आणि दोन माणसांत तिसरा आला की यांचे शब्द घशातून माघारी फिरत. भोईटे याचे उलट. सहा फूट उंच, आवाज ऐसा की नळावरून बोलले तर चौथ्या इमारतीस कळे. मालिका सुरू होई आणि पडद्यावर मुंग्या येत, आणि मुंग्या घालविण्यास गच्चीवर जाऊन अँटेना फिरविणे प्राप्त होते, आणि ऐसे ध्यानी आले की भोईट्यांनी दांडी धरली असता चित्र स्वच्छ राहाते आणि हात सुटला की पुन्हा मुंग्या. मग त्यांस गच्चीची मोहीम कायमची सोपविण्यात आली आणि त्र्यंबकरावांस खिडकीशी उभे केले. कारण खिडकीशी दोनच शब्दांचे काम होते.

“आलं का?”

“आलं.”

“आता?”

“गेलं. मघाचंच बरं होतं.”

“मघाचं म्हणजे कुठलं रे? मी इथं काय खुणा करून ठेवल्यात?”

येणेप्रमाणे ज्याचे हाताने सर्वांस चित्र दिसे, त्यास स्वतःस चित्र कधी दिसले नाही. म्हणून भाग संपला की भोईटे जिना उतरत आणि मधल्या पायरीवर बसत आणि म्हणत, “सांग. अगदी पाट्यांपासून सांग.” आणि आश्चर्य ऐसे की जो मनुष्य चारचौघांत नाव विचारले तरी लाजे, तो तेथे बोलू लागे. मालिका होती एका नावाड्याची. नदीवर पूल होऊ घातला आहे आणि पूल झाला की नावेचे काय, ऐशी. एके रविवारी वारा फार होता, त्र्यंबकराव सारा वेळ खिडकीबाहेरच पाहात राहिले आणि अर्धा भाग निसटला. पायरीवर भोईटे म्हणाले, मग पुढे? तेव्हा त्र्यंबकरावांचे तोंडून निघाले, “मग नावेत एक कुत्रं येऊन बसलं. एक कान तुटका.”

“नाव काय त्याचं?”

“नाव नाही. नावाडी त्याला नुसतं ‘अरे’ म्हणतो.”

भोईटे बहुत संतोष पावले. पुढील रविवारी उतरता उतरताच पुसते झाले, “कुत्रं काय म्हणतंय?” मग काय करावे, कुत्र्यास दर रविवारी नावेत बसविणे आले. आणि ते बसले म्हणजे भिजणारही, आणि भिजले की अंग झाडणार, आणि झाडले की सावकाराचे धोतरावर शिंतोडे उडणार. भोईटे हसत तेव्हा जिना हाले.

पुढे नगराची निवडणूक लागली आणि राज्यात दोन छावण्या जाहल्या. भोईटे एका छावणीचे सेनापती. त्र्यंबकराव कोणत्याच छावणीत नव्हते, आणि दोन्ही छावण्या त्यांस आपला समजत किंवा विसरून जात. निशाण लावावे तर सर्वांत उंच जागी, आणि सर्वांत उंच दांडी अँटेनाची. भोईट्यांनी शनिवारी निशाण तिलाच बांधले. रविवारी मालिकेचा शेवटचा भाग. वारा निशाणात भरला, अँटेना गरकन फिरली आणि पडद्यावर मुंग्याच मुंग्या. खालून हाका झाल्या, झेंडा काढ. वरून उत्तर आले, झेंडा निघणार नाही, दांडी घट्ट धरतो. कारखानीस स्वतः खिडकीत येऊन म्हणाले, “अहो भोईटे, भाग संपेल. मग लावा तुमचं काय ते.” भोईट्यांनी दाद दिली नाही. शेवटी वरून आवाज आला, “बाकीच्यांचं सोड. सबनीस, तू सांग. काढू का?”

त्र्यंबकरावांनी वर पाहिले. गच्चीच्या कठड्यावरून भोईट्यांचे कोपर दिसत होते आणि त्यावर फडफडणारे कापड. मागे अवघे राज्य श्वास रोखून बसले होते. त्यांनी तोंड उघडले आणि मिटले, आणि मान आत घेतली. मुंग्या अखेरपर्यंत राहिल्या. त्या दिवशी पायरीवर कोणी बसले नाही, आणि उन्हाळ्यात भोईट्यांची बदली जाहली.

त्यानंतर राजकारणात काय काय जाहले, ते लिहू म्हटले तर कागद पुरणार नाही. भोईट्यांचे निशाण मधोमध फाटले आणि दोन्ही तुकडे म्हणू लागले, आम्हीच अख्खे. मग एक तुकडा ज्यांच्याविरुद्ध गच्चीवर उभे राहिले त्यांचेच पंक्तीस जाऊन बसला आणि दुसरा त्यांच्या शत्रूंचे. सरदार सकाळी एका तंबूत चहा घेत आणि दुपारी दुसऱ्या तंबूत जेवीत. चारही इमारती पडल्या आणि तेथे उंच मनोरे आले, त्यात एक घर त्र्यंबकरावांनी घेतले. त्याची गच्ची कुलूपबंद असे. पेट्यांचे दुर्भिक्ष संपले, प्रत्येकाचे तळहातावर पेटी आली, आणि प्रत्येकास त्याचे त्याचे राज्य दिसू लागले. त्र्यंबकराव संध्याकाळी बातम्या लावीत. एका पडद्यात नऊ चौकटी, नऊ चौकटींत नऊ मुंडकी, आणि सर्व एकदम बोलत. चित्र लख्ख. मुंगी एक नाही. तरी त्यांचे मनी येई, हे आले म्हणावे की गेले म्हणावे, आणि म्हणावे तर कोणास. वर कोणी उभे नाही.

उत्तराच्या मसलती तीन महिने चालल्या. पहिले भय हे की लबाडी उघडी पडली. दुसरे हे की शेवटचा भाग आपणही पाहिलेला नाही. आणि तिसरे सर्वांत मोठे. त्या जिन्यानंतर आपण कोणास काही सांगितलेच नाही. सत्त्याहत्तराव्या वर्षी सांगू लागलो आणि आले नाही, तर? ‘प्रिय रंगनाथ’ इतके लिहून ते थांबत, मग ‘प्रिय’ फार होते ऐसे वाटून कागद फाडीत, मग ‘रंगनाथ’ लिहून ते उणे होते ऐसे वाटून तोही फाडीत. आणि न्हाणीघरात बादली भरताना, भाजी निवडताना, कोठूनही आवाज येई, काढू का?

फाल्गुन सरत आला. तेव्हा राणीसाहेब, म्हणजे त्यांच्या पत्नी प्रमिलाबाई, सकाळी गवार मोडता मोडता बोलत्या झाल्या, “अहो, पाडवा गुरुवारी आहे.”

“माहीत आहे.”

“मग? हा घ्या फोन. शेवटचा भाग काढून ठेवलाय. बावीस मिनिटांचा तर आहे. बघा आणि लिहा तसाच.”

“तसाच लिहायचा तर त्यानंच पाहिलेला बरा.”

“मग कुत्र्याचं लिहा.”

“कुत्रं नव्हतंच, हे कळलंय त्याला.”

प्रमिलाबाई हसल्या. “अहो, ते अख्ख्या कॉलनीला तेव्हाच कळलं होतं.”

“म्हणजे?”

“म्हणजे काय? तुम्ही जिन्यात सुरू झालात की कारखानीसबाई दार किलकिलं करायच्या. मी वरच्या पायऱ्यांवर, तांदूळ निवडायला घेऊन. कारखानीससुद्धा पेपर तोंडापुढं धरून ऐकायचे. आत्ताच तर पाहिलेली असायची मालिका आम्ही. तरी थांबायचो, कुत्रं काय करतंय ते ऐकायला.”

त्र्यंबकरावांनी गवारीची एक शेंग उचलून मोडली. “मला कोणी बोललं नाही कधी.”

“बोललो असतो तर तुम्ही बंद झाला असता. दूधवाल्याशी बोलता येत नाही तुम्हाला. जा आता, टेबल पुसून ठेवलंय. आणि प्रियबिय घालत बसू नका.”

मग त्र्यंबकराव टेबलाशी विराजमान झाले आणि फोन पालथा घातला आणि जुन्या काळी पेटीवर चित्र गेले असता जी पाटी येई, तीच शिरोभागी लिहिते झाले: व्यत्ययाबद्दल क्षमस्व. आणि पुढे लिहिले की पूल झाला, मंत्री आले, फीत कापली, आणि गाव वाजत गाजत पुलावरून गेले. नावाड्याने नाव खुंट्यास बांधली आणि तोही निघाला. मागे पाहतो तो कुत्रे नावेत, नेहमीच्या जागी बसलेले. “अरे, आता पूल झालाय,” नावाडी म्हणाला. कुत्र्याने तुटका कान हलविला आणि ते पैलतीराकडे तोंड करून बसून राहिले. नावाड्याने हाक मारली, दगड उचलून भय दाखविले, भाकरी दाखविली. ते उतरेना. मग त्याने दोर सोडला आणि वल्हे घेतले, आणि पुलावर बँड वाजत असता पुलाखालून नाव निघाली. लेखणी ऐशी चालली की चहा आला आणि निवला आणि प्रमिलाबाईंनी तो मुकाट्याने उचलून नेला. शेवटी लिहिले:

“पुढचं दिसलं नाही, तेवढ्यात वारा सुटला. तू विचारलं होतंस, काढू का. तेव्हा मागे चाळीस माणसं होती आणि मला शब्द सापडला नाही. आज मागे फक्त प्रमिला आहे आणि तिला सगळं आधीपासून ठाऊक आहे. झेंडा राहू दे. तो तुझा आहे की आता कुणाचा, ते तुमच्या लोकांनाही सांगता येत नाही. पण चित्र आलंय, रंगनाथ. आता हात सोड आणि खाली ये.”

टपालास स्वारी पायीच निघाली. वाटेवर निवडणुकीतील विजयाचे फलक होते, आणि एकाच फलकावर परस्परांचे हाडवैरी शेजारी शेजारी हात जोडून उभे होते, आणि त्र्यंबकरावांनी रिवाजाप्रमाणे कोणाचीच बाजू न घेता त्यांस ओलांडिले. टपाल कचेरीत खिडकीपलीकडे एक मुलगी होती. त्यांनी पाकीट आत सारिले. खिडकीशी दोनच शब्दांत भागविण्याची त्यांची जुनी सवय, परंतु त्या दिवशी अधिक निघाले. “पाडव्याच्या आत पोचलं पाहिजे हं.”

“पोचेल काका, स्पीड पोस्ट आहे. आत काय आहे?”

“एका मालिकेचा शेवटचा भाग.”

तिने एकवार वर पाहिले आणि “डॉक्युमेंट” ऐसे टंकिले आणि शिक्का मारिला आणि पाकीट मागल्या पिशवीत टाकिले.

येणेप्रमाणे सबनीस आणि भोईटे यांची हकीकत, पत्र आले तेथून उत्तर निघाले तेथवर. निशाणे कोणाची चढली आणि कोणाची उतरली ते लिहिणारे बहुत आहेत. येथे लिहिले ते इतकेच, की पाडव्यास तीन दिवस बाकी असता उत्तर टपालात पडले.