छापखान्याच्या पत्त्यावर डल्ला

"माझं नाव ऐकलं की गुन्हेगारांची झोप उडते," भाऊजी म्हणत. "मला नुसती मोडेमची शिट्टी ऐकवा, फोन कुठल्या घरातून आलाय ते सांगतो." मग भिंग डोळ्याला लावून ते मोडेमच्या रांगेकडे रोखून बघत. ते भिंग खरं तर टपाल तिकिटं बघायचं होतं. भाऊजी फोनवरून इंटरनेट पुरवणाऱ्या छोट्याशा कंपनीचे तंत्रप्रमुख. गुप्तहेराचं पद त्यांनी स्वतःच स्वतःला बहाल केलं होतं. त्यांचा साहाय्यक म्हणजे त्यांचाच मेहुणा, आणि तो अजून नोकरीत कायम व्हायचा होता.

साध्या गिऱ्हाइकाला दर वेळी फोन जोडला की नवा आयपी पत्ता मिळे, लॉजवर मिळेल ती खोली घ्यावी तसा. जास्त पैसे भरणाऱ्याला मात्र एकच, कायमचा. छापखान्याच्या मालकांनी तसा घेतला होता, कारण त्यांची परगावची शाखा त्याच पत्त्यावर पानं पाठवी. पण रोज दुपारी, जेवणं आटोपली की, कोणीतरी मालकांच्याच खात्याच्या नावाने आत शिरे. त्याच नावाने नवा आला की जुना बाहेर, असा यंत्राचा नियम. पानं अर्ध्यात लटकत.

"उद्यापर्यंत चोर पकडा, नाहीतर मी चाललो दुसऱ्या कंपनीकडे," मालकांनी बजावलं. कंपनीच्या बाईसाहेबांनी पुस्ती जोडली: छापखाना गेला की मेहुणाही गेला. लोकांना कायमचे पत्ते वाटता वाटता त्याचाच पत्ता कट व्हायची वेळ आली होती.

"फोन कुठून येतो ते टेलिफोनवाल्यांना विचारू या का?" त्याने सुचवलं.

"हा कारकुनी मार्ग झाला," भाऊजी म्हणाले.

पहिला संशय समोरच्या कंपनीच्या माणसावर, कारण तो जिन्यात भेटला की हसायचा. चौकशीअंती तो सगळ्यांकडे बघून हसतो असं निघालं. मग छापखान्याच्या कामगारावर, कारण त्याच्या बोटांना शाई होती.

"भाऊजी, तो छापखान्यात काम करतो."

"तेच तर. शाई लपवायला याहून चांगली जागा कोणती?"

शेवटी त्यांनी खुद्द मालकांनाच तोंडावर सांगितलं, की तुम्हीच स्वतःला लुबाडताय. त्यासरशी उद्याची मुदत आजवर आली.

"आता सापळा," भाऊजी म्हणाले. "चोर आत आला की आपणही त्याच नावाने शिरून त्याला बाहेर ढकलायचं. चिडलेला गुन्हेगार चूक करतोच."

दुपारी चोर आला. मेहुण्याने ढकलला. तो पुन्हा आला, पुन्हा ढकलला. तिसऱ्यांदा ढकलला आणि ऑफिसचा फोन खणखणला.

"काय रे, ही कसली तुमची कंपनी?" पलीकडून मेहुण्याची ताई कडाडली. "मैत्रिणीबरोबर रमीचा डाव लागलाय, जन्मात पहिल्यांदा जिंकतेय, आणि सारखं कनेक्शन तोडताय मेले."

"ताई, फोन जोडताना खात्याचं नाव काय दिसतं गं?"

"छापखाना. पासवर्डही आपोआप येतो. तुझ्या भाऊजींनीच नाही का घरी बसून तो पत्ता चालतो की नाही ते तपासलं? तेव्हापासून तसंच आहे."

भाऊजींनी भिंग हळूच खिशात टाकलं. "तिला सांग, आजपासून हे नाव वापरायचं नाही," ते कुजबुजले.

"तुम्हीच सांगा. बायको तुमची."

"हे बघ, मी गुन्हेगारांना भीत नाही," भाऊजी म्हणाले आणि दोन पावलं मागे सरले.

"कोण कुजबुजतंय रे तिथे?" फोनमधून आवाज आला.

मेहुण्याने फोनवर हात ठेवला. "सांगतो. पण आधी मला कायम करण्याची शिफारस. आत्ता, सहीसकट."

ताईला वेगळं खातं मिळालं आणि छापखाना टिकला. शिफारशीत भाऊजींनी लिहिलं होतं: 'उमेदवाराने एका अत्यंत धोकादायक गुन्हेगाराशी, हातात शस्त्र नसताना, एकट्याने बोलणी केली.' बाईसाहेबांना ती अतिशयोक्ती वाटली. मेहुण्याला त्यात एक अक्षरही जास्तीचं वाटलं नाही.