साडेचाळीस इंच

"आज कडेने सायकल चालवलीत, तर संध्याकाळी घरी येऊ नका," असं मामींनी शिंपीमामांना दारातच बजावलं.

मामींचं काही चुकत नव्हतं. गेल्या आठवड्यात एका उभ्या गाडीचं दार अचानक उघडलं आणि कडेने जाणारे मामा सायकलसकट आडवे झाले. गुडघा फुटल्याचं मामांना फारसं काही वाटलं नाही. पण आपल्या हाताने शिवलेली पँट टरकली, हे दुःख मात्र त्यांनी आल्यागेल्याला तीन दिवस ऐकवलं.

त्यातच वाहतूक शाखेच्या मोठ्या साहेबांचा गणवेशाचा शर्ट पोटाकडे ढिला करायला आला. गिऱ्हाइकाचे खिसे आधी तपासायचे आणि सापडेल ते परत द्यायचं, हा मामांचा नेम. साहेबांच्या खिशात एक पत्रक निघालं: 'सायकलस्वारांनो, रस्ता तुमचाही आहे!' मामींनी ते खड्या आवाजात वाचून दाखवलं. एक, उभ्या गाड्यांपासून दाराएवढं अंतर ठेवा. दोन, रस्ता अरुंद असेल तर लेनच्या मधोमध चालवा. तीन, मागून हॉर्न वाजला म्हणून घाबरून कडेला जाऊ नका. चार, चालवताना फोन घेऊ नका.

"आणि पाचवा मुद्दा?" मामांनी विचारलं.

"डबलसीट बसू नका. तुमच्यामागे बसतंय कोण?"

मामा टेप घेऊन उठले आणि शेजारच्या डॉक्टरांच्या गाडीचं दार मोजून आले. एकोणचाळीस इंच भरलं. शिवणीत सोडतात तसे वर दीड इंच सोडले आणि साडेचाळीस हा आकडा कायम केला.

साहेबांचं आज अकरा वाजता भाषण होतं. "साडेदहाला शर्ट घरी आला, तर पुढचे दोनशे गणवेश तुमच्याकडे. नाही आला, तर राम राम," असं ते सांगून गेले होते. म्हणून मामांनी दहालाच दुकानाला कुलूप घातलं. लांबून दिसावं म्हणून मामींनी त्यांना आपला पिवळा स्वेटर चढवला आणि डोक्यावर हेल्मेट बसवलं. शर्ट पिशवीत, पत्रक खिशात, अशी स्वारी निघाली.

बाजारपेठेत दोन्ही बाजूंना गाड्या उभ्या. साडेचाळीस इंच सोडले की उरतो तो रस्त्याचा मध्य, आणि मामा तिथे ठाण मांडून चालवू लागले. दोनच मिनिटांत मागे हॉर्न सुरू झाला. मामांना घाम फुटला, पण ते मनात तिसरा मुद्दा घोकत राहिले. मग खिशातला फोन वाजू लागला. मामांनी चौथा मुद्दा आठवला. हॉर्न थांबला की फोन वाजे, फोन थांबला की हॉर्न.

"ओ पिवळा स्वेटर! रस्ता काय आंदण मिळालाय का?" मागून कोणीतरी ओरडलं.

"तुमचाही आहे, माझाही आहे!" मामा मागे न बघता म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी कोणाला तरी रस्त्यात उलट उत्तर दिलं होतं, आणि त्यांना फार बरं वाटलं.

चौकात तर कमालच झाली. हवालदाराने खाडकन सलाम ठोकला आणि बाकीचे तिन्ही रस्ते अडवून मामांना वाट करून दिली. मामांनीही मान झुकवून सलाम स्वीकारला. एवढा मान त्यांना सासुरवाडीतही कधी मिळाला नव्हता.

साहेबांच्या गल्लीत, अगदी शेवटच्या घरापाशी ते उतरले. मागची गाडीही थांबली. दार उघडलं आणि, खाली गणवेशाची पँट, वर नुसता बनियन, अशा अवतारात साहेब उतरले.

"तुम्ही? अहो, धीर निघेना म्हणून मी दुकानात आलो, तर कुलूप! परत फिरलो तर पुढे हा पिवळा स्वेटर! फोन का घेत नाही? या अवतारात मला खाली उतरूनही ओरडता येईना!"

मामांचे दोनशे गणवेश डोळ्यांदेखत वाऱ्यावर उडाले. त्यांनी खिशातलं पत्रक पुढे केलं. साहेबांनी ते वरपासून खालपर्यंत वाचलं. तळाशी त्यांचीच सही होती.

"हे आचरणात आणणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहतोय," साहेब गंभीर आवाजात म्हणाले आणि शर्ट चढवू लागले. पोटाकडे तो अगदी चपखल बसला.

आता अकरा वाजायला वीस मिनिटं उरली होती. साहेब गाडीकडे वळले आणि जागीच थिजले. चौकातला सलाम त्यांच्या गाडीला होता, आणि मोकळी वाट मिळतेय म्हणून तीसेक गाड्या त्यांच्या मागोमाग या गल्लीत शिरल्या होत्या. गल्लीला पुढे वाट नव्हती. सगळे एकमेकांना मागे घ्यायला सांगत होते.

साहेबांनी गाड्यांकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, मग सायकलच्या कॅरियरकडे पाहिलं. पत्रकाची घडी घालताना त्यांनी पाचव्या मुद्द्यावर अंगठा ठेवला आणि मामांच्या मागे बसले.

गाड्यांच्या फटीतून सायकल कशीबशी मोठ्या रस्त्यावर आली. साहेबांचं वजन जाणवत होतं. मामांनी भीत भीत सायकल कडेला घेतली. तेवढ्यात एक टेम्पो हॉर्न वाजवत अंगाला घासून गेला. साहेबांनी मामींचा स्वेटर दोन्ही हातांनी गच्च धरला.

"मामा, मधोमध घ्या हो!"

"मागे लोक खोळंबतील, साहेब."

"खोळंबू देत! दोनशे नाही, चारशे गणवेश तुमचे. पण मधोमध घ्या!"