नानांच्या गाडीतलं लाल बटण

आमच्या नानांची गाडी चावी फिरवली की सुरू होते, पण निघत नाही. आधी तिच्यातला कॉम्प्युटर उठावा लागतो. तोवर नाना स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसतात आणि शेजारच्याने चुळबुळ केली तर दटावतात, "थांब भाऊ, आजून उठं नही."

नाना म्हणजे जळगावातले माझे शेजारी. वरणगावला दारूगोळ्याच्या कारखान्यात तीस वर्षं काढून निवृत्त झालेले. व्हॅन जुनी, कॉम्प्युटर तिच्याहून जुना. एका बंद पडलेल्या सायबर कॅफेतून उचललेला. पडदा भंगारातला, टपावरचे भोंगे लग्नाच्या बँडवाल्याकडचे. आपल्याकडच्या उन्हात यंत्र तापतं म्हणून त्याच्या पेटीभोवती कूलरचा वाळा बांधून नाना तो रोज भिजवतात. यावर भजनं वाजतात, नकाशा दिसतो, मागचा रस्ता दिसतो. भोंग्याची वायर मात्र रोज सुटलेली सापडते आणि नाना रोज उंदरांचा उद्धार करून ती परत जोडतात. दुकानातून तयार संच का आणत नाही, असं विचारलं तर म्हणतात, "ज्यानं पोट मी उघडं नही, त्याना भरवसा नही."

कारखान्यात म्हणे एकट्याने केलेली तपासणी धरत नसत. एकाने म्हणायचं, दुसऱ्याने तेच परत म्हणायचं. नानांनी ती पद्धत घरी आणली. दारातून ते म्हणणार, "गॅस बंद." आतून त्यांची बायको, आमच्या अक्का, म्हणणार, "गॅस बंद." सगळी गल्ली हसायची. मीही हसायचो.

फक्त एका गोष्टीला हसत नव्हतो. पडद्याखाली एक लाल बटण आहे. "हाले हात लावू नको," एवढंच नाना सांगतात. दुसऱ्या कुणाचं असतं तर सोडून दिलं असतं. पण दारूगोळ्यात हयात गेलेल्या माणसाचं लाल बटण! मी मुळातच भित्रा. त्या गाडीत बसायचं म्हटलं की मी काहीतरी निमित्त काढायचो.

अक्कांना दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन घ्यायला धुळ्याला जावं लागतं. लेक सुमन तिथेच असते. गेल्या खेपेला नाना म्हणाले, "भाऊ, चाल संगे. दुसरं तोंड पाहिजे." अक्का असताना माझं तोंड कशाला, हे विचारायचं राहून गेलं. अक्का मागे बसल्या. मी पुढे, मांडीवर कीबोर्ड घेऊन.

काटा चाळिसाच्या वर जात नव्हता. प्रत्येक ट्रक आता आपल्याला घेऊनच जाणार असं वाटायचं. नाना म्हणत, "मांगे ट्रक." मी म्हणे, "मागे ट्रक." एरंडोल सुटलं तसा त्यांच्या कपाळावर घाम दिसायला लागला. डावा हात मधूनच छातीवर जात होता. मी एकदा त्या हाताकडे बघत होतो, एकदा बटणाकडे. कशाला जास्त भ्यावं ते कळेना.

पारोळ्याच्या पुढे खड्डा आला. कीबोर्ड उडाला आणि त्याचा कोपरा बरोबर त्या बटणावर बसला. मी डोळे गच्च मिटले.

स्फोट झाला नाही. टपावरचे भोंगे मात्र केकाटायला लागले आणि आत कॉम्प्युटरमधून नानांचाच आवाज आला, "सुमननी माय, घाबरू नको. मना हात सुटी गया व्हई. पहिले स्टिअरिंग धर."

मग आवाज थांबला. उत्तराची वाट पाहावी तसा.

नानांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी गाडी कशीबशी निंबाखाली घेतली, भोंग्याची वायर उपटली आणि दिसेल ते बटण दाबू लागले. कॉम्प्युटर काही ऐकेना.

"दुसरं, गिअर मधमा कर."

"गिअर मधमा," मागून अक्का म्हणाल्या.

"तिसरं, हँडब्रेक हयूहयू वढ."

"हँडब्रेक हयूहयू."

नाना वळले. "तुले कसं म्हाईत?"

"तुमी आंघोयले जातस ना, तवय रोज ऐकस मी. भोंगानी वायर काढीसन."

म्हणजे उंदीर ह्या होत्या. छातीचं दुखणं नानांनी घरात लपवलं होतं आणि अक्कांनी आपल्याला ते कळल्याचं लपवलं होतं. आपण इतकी वर्षं कशाला हसत होतो, याची मला फार लाज वाटली.

आवाज पुढे बोलत होता. "भोंगा ऐकीसन लोके येतीन. तू खाले उतर. सावलीमा बस. मनाकडे देखू नको."

माझ्याकडे बघू नको, यावर मात्र मागून काही आलं नाही. नाना समोरच्या काचेकडे बघत हळूच म्हणाले, "म्हन ना."

"हे नही म्हननार मी," अक्का म्हणाल्या. "बाकी बठ्ठं करसू."

पुढे गाडी मी चालवली. नानांना मी स्टिअरिंगला हात लावू दिला नाही. ते मुकाट्याने मागे अक्कांशेजारी जाऊन बसले. निघताना मी म्हणालो, "दारं बंद."

कुणीच परत म्हटलं नाही. मी आरशात पाहिलं. अक्का नानांकडे बघत होत्या.