दोन्ही नमुने नापास

खोटी वस्तू माझ्या हातून सुटत नाही. ही फुशारकी नव्हे, बावीस वर्षांचा अनुभव आहे. मी साबणाच्या कारखान्यात तपासनीस आहे. मी 'पास' म्हटल्याशिवाय तिथली एकही वडी खोक्यात जात नाही. कारखान्यात माझं नावच 'नापास' पडलंय, आणि मला त्याचा अभिमान आहे.

आमच्या तपासणीचा एक नियम आहे. तो आधीच नीट सांगून ठेवतो, कारण पुढचा सगळा घोटाळा त्यातूनच झाला. वडी एकटी कधी तपासायची नाही. तिच्या शेजारी तुलनेला एक ठरवून नापास वडी ठेवायची. दोन्हींना नंबर द्यायचे. कुठला नंबर कुणाचा, हे फक्त तिसऱ्या माणसाला ठाऊक, आणि तपासणी संपेपर्यंत त्याने तोंड उघडायचं नाही. त्यामुळे तपासणाऱ्याच्या मनात आधीपासून काही राहत नाही.

तर झालं असं, की बायकोला कापडाच्या कडा शिवणारं ओव्हरलॉक मशीन हवं होतं. ती घरीच शिवणकाम करते. कडा हाताने शिवून तिची बोटं सोलून निघाली होती. शेवटी ती म्हणाली, "अहो, लग्नात बाबांनी दिलेलं सोन्याचं नाणं मोडू या. रविवारी बाबा पावती घेऊन येतायत. सराफाकडे जाऊ आणि येताना मशीनच घेऊन येऊ."

आता सासऱ्यांविषयी सांगायला हवं. माणूस सज्जन, पण चिकट. आलेलं पाकीट उसवून, उलटं करून, पुन्हा चिकटवून वापरणारे. संपत आलेल्या साबणाची चकती नव्या वडीवर थापणारे. साबणावर पोट असणाऱ्याच्या जिवाला यातना देणारी सवय आहे ही! अशा माणसाने लेकीला अस्सल सोनं द्यावं, हे पंधरा वर्षं माझ्या घशाखाली उतरत नव्हतं. आणि समजा सराफाने सगळ्यांदेखत 'खोटं' म्हटलं, तर? सासऱ्यांचं नाक कापलं जाणार, बायकोचं मशीन जाणार. त्यापेक्षा आपणच आधी गुपचूप तपासलेलं काय वाईट?

शुक्रवारी सुट्टी काढली. बायको गिऱ्हाइकांचे कपडे पोचवायला बाहेर पडली आणि मी कपाटातून नाणं काढलं. पंधरा वर्षांत कुणी पाकीटही उघडलं नव्हतं. प्लॅस्टिकमधून शिडाचं जहाज दिसत होतं. तसंच जहाज असलेलं सोनेरी मुलाम्याचं शोभेचं नाणं मी कोपऱ्यावरच्या भेटवस्तूंच्या दुकानातून आदल्याच दिवशी आणून ठेवलं होतं. तिसरा माणूस म्हणून घरात आई होती.

"आई, ही दोन्ही नाणी घे. पाकिटातून काढ, दोन काडेपेट्यांत ठेव आणि पेट्यांवर नंबर घाल. कुठलं कुठे ते मला सांगू नकोस."

"आणि तू नाणं बिघडवलंस तर?"

"बावीस वर्षं हेच करतोय मी."

"मागे घड्याळ तपासलं होतंस."

"ते आधीच बंद पडायला आलं होतं." मी विषय आवरला. "आणि हे बघ, तपासणी संपेपर्यंत कुणालाही काही बोलायचं नाही. मी विचारलं तरी नाही. पाया पडलो तरी नाही."

"नाही सांगणार," आई म्हणाली. "आधी भाजी घेऊन येते."

दोन्ही नाणी बटव्यात घालून ती निघालीसुद्धा. अर्ध्या तासाने रिकामी पिशवी हलवत परत आली. भाजी ताजी नव्हती म्हणे. मग आत जाऊन दार लावलं आणि पाच मिनिटांनी दोन काडेपेट्या माझ्यापुढे ठेवल्या. मी बाह्या सरसावून कामाला लागलो.

पहिल्यांदा लोहचुंबक. एकही नाणं चिकटलं नाही. मग फरशीवर टाकून आवाज ऐकला. एक नंबर टणकन वाजलं. दोन नंबरही तसंच वाजलं आणि घरंगळत कपाटाखाली गेलं. झाडूने बाहेर ओढलं तेव्हा त्याच्याबरोबर बायकोची हरवलेली कात्रीही निघाली. मग भिंग लावलं. दोन्ही जहाजांना सात-सात दोर, दोन्हींचं शिड एकाच जागी किंचित चेपलेलं. नक्कल करणाऱ्याचा हात मी मनोमन मानला. खरं तर मला तिथेच शंका यायला हवी होती.

स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन केलं, तर दोन्ही अगदी सारखी. एक तरी जड भरायला हवं होतं. सोनं पितळेच्या दुप्पट जड असतं, एवढं मला कळतं. व्हिनेगरात बुडवली, तर दोन्हींच्या कडा हिरव्या पडल्या. शेवटी कानस घेऊन कड घासली. सोनेरी रंगाखाली दोन्हीकडे तांबूस धातू.

"आई, यातलं सासऱ्यांचं कुठलं?"

"तपासणी संपली?"

"अहवालावर सही व्हायचीय."

"मग नाही सांगणार."

खरं म्हणजे विचारायची गरजच नव्हती. दोन्ही नमुने नापास होते. पण सासऱ्यांच्या नावापुढे तो शब्द लिहायला हात धजेना. कागद तसाच घडी करून खिशात ठेवला. निकालही आईला सांगितला नाही, कारण अहवाल गुप्त असतो.

शनिवारी संध्याकाळी मात्र बायकोला सांगावंच लागलं. ती शिवायला बसली होती. ऐकता ऐकता तिचा पाय जुन्या मशीनवर थांबला.

"म्हणजे बाबांना कुणीतरी फसवलं," ती म्हणाली. "त्यांना हे कळता कामा नये. मला मशीन नको."

सासऱ्यांनीच फसवलं असेल, हा विचार मी पंधरा वर्षं जपून ठेवला होता. तिच्या मनाला तो शिवलासुद्धा नाही. मला फार लाज वाटली.

रविवारी सासरे आले. पावती अर्थातच उलट्या केलेल्या पाकिटात होती.

"चला, निघायचं ना?"

"बाबा, मला शिवणाचा कंटाळा आलाय," बायको म्हणाली. गळ्यात टेप, ओठांत टाचणी, आणि कंटाळा आलाय! "नाणं राहू दे."

सासऱ्यांनी लेकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी नाणं परस्पर विकून खाल्लंय, असं ते पाहणं होतं.

"जावईबापू, नाणं घरात आहे ना?"

"आहे की," मी घाईघाईने म्हणालो. "दोन आहेत."

"मी एकच दिलं होतं."

आता इलाज उरला नाही. मी काडेपेट्या आणून उघडल्या. हिरव्या कडांची, कानशीने खरवडलेली ती दोन नाणी सासऱ्यांनी तळहातावर घेतली.

"काय केलंत हे?"

"तपासलं. तुमचं यातलं कुठलं ते माहीत नाही, पण दोन्ही खोटी आहेत."

सासरे खुर्चीत बसले. त्यांनी पावती काढली, वाचली, परत वाचली. "हिची शाळा सुटल्यापासून थोडं थोडं बाजूला टाकत होतो," ते हळू म्हणाले. "पाकिटं काय मी हौस म्हणून उलटी करत होतो?"

बायकोने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. मला वाटलं, आपल्याच कारखान्यातल्या टाकीत विरघळून जावं.

एवढ्यात आई चहा घेऊन आली. "सगळे असे गप्प का? झाली का रे तपासणी?"

"झाली, आई."

"सही केलीस?"

मी खिशातला कागद काढला, 'नापास' लिहिलं आणि सही केली. आईने चहा खाली ठेवला, आत गेली आणि चष्म्याचं जुनं घर घेऊन आली. त्यातून एक पाकीट निघालं. प्लॅस्टिकचं, बंद. आत शिडाचं जहाज.

"हे हिच्या बाबांचं," ती म्हणाली. "एक नंबर तू आणलेलं. दोन नंबर मी आणलेलं, त्याच दुकानातून. सुनेचं सोनं तुझ्या कानशीखाली देऊ होय मी? आणि तुला दुकानदाराने महाग दिलं रे."

"आई! आणि तू तीन दिवस गप्प बसलीस?"

"पाया पडलो तरी सांगायचं नाही म्हणालास. तू तर पायाही पडला नाहीस."

सराफाने नाणं कसोटीच्या दगडावर घासलं, वर एक थेंब टाकला आणि अर्ध्या मिनिटात मान डोलावली. अस्सल. मग त्याचं लक्ष माझ्या हातातल्या काडेपेट्यांकडे गेलं.

"ही पण तपासायची का?"

"नको," बायको म्हणाली. "ती फार तपासून झालीत."

मशीन घरी आलं. बायकोने त्यावर एकामागून एक चिंध्यांच्या कडा शिवून पाहिल्या. सासरे शेजारी बसून तिच्याकडे बघत चहा पीत होते. बऱ्याच वेळाने ते माझ्याकडे वळले.

"जावईबापू, वाटेत सांगितलात तो तपासणीचा नियम मात्र मला पटला."

मी जरा सावरून बसलो. "कुठला?"

"शेजारी तुलनेला दुसरा ठेवायचा, तो. तुम्हाला बघायला आलो तेव्हा मी तुमची नोकरी पाहिली, घर पाहिलं, आईंचा स्वभाव पाहिला. एवढं एकच राहून गेलं."

मी बायकोकडे पाहिलं. ती मशीनचं माहितीपत्रक तोंडासमोर धरून वाचत होती. त्या पत्रकात इतकं हसण्यासारखं काय होतं, ते मी पुन्हा पुन्हा तपासलं. मला काही सापडलं नाही.