आश्लेषेचं पाणी

“आश्लेषा कुठाय? सकाळपर्यंत माझ्या खाटेखाली होती. कोणी नेली?”

दामलेकाका जिन्यात उभे राहून ओरडत होते, आणि त्यांचा आवाज असा की शहाडच्या पुलावरची म्हैससुद्धा थांबून मागे बघेल. तळमजल्यावर नुकत्याच राहायला आलेल्या बाईंनी दाराला आतून कडी घातली. त्यांचे मिस्टर बनियनवरच वर आले आणि माझ्या कानाशी लागले, “वय काय हो मुलीचं?”

मी म्हटलं, “तीन वर्षं.”

ते मटकन पायरीवर बसले.

आश्लेषा म्हणजे पाणी, हे मी त्यांना जरा वेळाने सांगितलं. तुम्हाला आधीच सांगतो.

दामलेकाका डोंबिवलीच्या आमच्या बिल्डिंगमध्ये आमच्या समोरच्या दारात राहायचे. कल्याणच्या एका कॉलेजात प्रयोगशाळेत नोकरी, घरात चार फुटी काचेची टाकी, टाकीत पाच एंजल मासे. या माशांना नळाचं पाणी वर्ज्य. “दुष्फेन आहे,” काका म्हणायचे. ज्या पाण्यात साबणाचा फेस होत नाही त्याला शाळेच्या पुस्तकात दुष्फेन म्हणतात. काका तो शब्द सोसायटीच्या सेक्रेटरीलाही लावायचे. ज्याच्याशी जमेल तो सुफेन. अख्ख्या बिल्डिंगमध्ये सुफेन दोनच, माझी आई आणि पोस्टमन.

तर माशांसाठी पावसाचं पाणी. गच्चीत प्लास्टिक ताणलेलं, खाली पिंप. सर आली की पहिला तासभर पाणी वाहू द्यायचं, कारण आमच्याकडचा पाऊस धुराड्यांतून गाळून खाली येतो. एकदा गुलाबी पडला तेव्हा सेक्रेटरींचा दोरीवरचा लेंगा थेट वरातीत नाचण्याजोगा झालेला. मग पुढचं पाणी उल्हास नदीच्या एकवीस वेळा धुतलेल्या वाळूतून, कोळशातून, आणि शेवटी काकूंच्या जुन्या वायलच्या साडीच्या सात घड्यांतून. एक कॅन भरेपर्यंत लोकांची मुलं मॅट्रिक व्हायची. भरलेल्या कॅनला चिठ्ठी: त्या पावसाचं नक्षत्र आणि पंचांगातलं त्याचं वाहन. ‘आर्द्रा, वाहन म्हैस.’ ‘पुष्य, वाहन बेडूक.’

“म्हशीचं पाणी जरा मंद असतं,” लिटमसचा कागद बुडवत काका गंभीरपणे सांगायचे. “डाळीला चालतं. माशांना कंटाळा येतो.”

काकांना हसायचो आम्ही. माशांना नाही. सुमनकाकू गेल्यापासून त्या माशांचं काहीतरी बिनसलेलं. तुम्ही आत पाऊल टाकलंत की पाचही जण काचेला येऊन चिकटायचे आणि बघायचे. तुमच्याकडे नव्हे. तुमच्या मागे, डाव्या खांद्याच्या जरा वर, तुमच्या पाठोपाठ आणखी कोणी आत शिरल्यासारखं. मी म्हणजे वाघाच्या काळजाचा, पण त्या घरात भिंतीला पाठ टेकून उभा राहायचो. तर ते खांद्यामागच्या भिंतीकडे बघायचे. गॅसवाला सिलिंडर उंबऱ्यातच सोडून पळायचा.

“ती पाहुण्याच्या मागूनच येते,” काका म्हणायचे. “पहिल्यापासून भिडस्त.”

आश्लेषेचा कॅन काकूंनी भरलेला. तीन वर्षांपूर्वी एका दुपारी पाणी गाळून, चिठ्ठी स्वतःच्या हाताने लिहून, “जरा पडते” म्हणून त्या आडव्या झाल्या आणि उठल्या नाहीत. ते पाणी काकांनी माशांना कधी दिलं नाही. खाटेखाली, स्वतःच्या उशीच्या बरोबर खाली ठेवलेलं. दर वर्षी ते नक्षत्र लागलं की बंद कॅनातलं पाणी बोटभर चढतं, असं सांगायचे. मी अर्थातच विश्वास ठेवला नाही. पेन्सिलीने कॅनवर खूण करून आलो. नंतर खूण बघायला मात्र गेलो नाही.

आणि तोच कॅन माझ्या आईने नेलेला.

त्या रविवारी माझ्या बहिणीला बघायला माजिवड्याची बारा माणसं जेवायला येणार होती. नळाच्या पाण्यात आमची तूरडाळ शिजायला सूर्य मावळायचा, म्हणून काकांच्या घराची किल्ली आणि आर्द्रेचं पाणी आईच्या हवाली असायचं. काका सकाळीच टाकीसाठी कोळसा आणायला कल्याणला गेलेले. आदल्या दिवशी मोलकरणीने फरशी पुसताना सगळेच कॅन काकांच्या खाटेखाली सरकवलेले. ओलीने चिठ्ठीवरची शाई पसरून पहिला ‘आ’ तेवढा उरलेला. यंदाची आश्लेषा लागायला अजून आठवडा होता, म्हणजे हा ‘आ’ आर्द्रेचाच, असा आईने पंचांगशुद्ध विचार केला आणि कॅन उचलला.

तिसऱ्या प्रहरी काका परतले, खाटेखाली वाकले, आणि जिन्यात आले. पुढचं तुम्ही ऐकलंच.

आई हात पुसत बाहेर आली. “अहो दामले, मी नेलं. आर्द्रा समजले हो मी.”

काकांचा आवाज एकदम बसला. “काय केलंत त्याचं?”

“आमटी.”

“आणि उरलेलं?”

“माठात घातलेलं. पाहुणे प्यायले.” आईने आतून रिकामा कॅन आणून त्यांच्या हातात दिला. “ते… सुमनताईंचं होतं का?”

वरून सेक्रेटरी म्हणाले, “दामले, पाणीच ना? उद्या पडेल की.”

काका त्यांना दुष्फेनसुद्धा म्हणाले नाहीत. पायरीवर उभे राहिले, रिकामा कॅन मांडीशी धरून. मग आईला म्हणाले, “आमटी आहे थोडी?”

“तळाला आहे. दोन वाट्या.”

आईने पातेलंच दिलं. तान्हं मूल घ्यावं तसं दोन्ही हातांवर घेऊन ते आत गेले.

तासाभराने पातेलं आणायला मला पाठवलं. दार लोटलेलं होतं. काका खिडकीशी पाठमोरे उभे होते. जमिनीवर समोरासमोर दोन पाट, दोन ताटं, दोन्हींत आमटीभात कालवून संपवलेला. एका पाटापाशी चष्मा काढून ठेवलेला. दुसऱ्यापाशी काही नाही. मी सवयीने डावा खांदा आवळून घेतला. पण मासे माझ्या मागे बघत नव्हते. पाचही जण एका ओळीत, कल्ले न हलवता, त्या दुसऱ्या पाटाकडे बघत होते.

मी पातेलं उचललं आणि घरी येईपर्यंत श्वास घेतला नाही.

संध्याकाळी आई त्यांच्या दारात गेली. आत नाही गेली, उंबऱ्याबाहेरूनच विचारलं, “दामले, पुरली का हो आमटी?”

“पुरली,” काका म्हणाले. “मीठ कमी आहे म्हणाली.”