वर जाणारा वारा

पंखा उघडायला काही अक्कल लागत नाही, असं मी बायकोला ठणकावून सांगितलं होतं. माझ्यापुरतं ते शब्दशः खरं निघालं. ही हकिकत सांगताना आजही माझे कान गरम होतात, पण कुणाकुणाला सांगितलीच आहे, तर तुम्हालाही सांगून टाकतो.

माझे सासरे त्यांच्या घरी जिन्यावरून घसरले आणि त्यांच्या पायाला मांडीपर्यंत प्लास्टर घातलं. घरी त्यांचं करणारं दुसरं कुणी नाही, म्हणून बायको त्यांना आमच्याकडे घेऊन आली. खाट टाकली बाहेरच्या खोलीत, बरोबर पंख्याखाली. दिवस मरणाच्या उकाड्याचे. पंखा असा, की कुंथत कुंथत फिरायचा आणि प्रत्येक फेरीला दम्याच्या माणसासारखा आवाज काढायचा. पात्यांवर बोटभर काजळी.

"वायरमनला बोलवा," बायको म्हणाली.

"एवढ्यासाठी? पाती धुवायची, बेअरिंगला तेल द्यायचं, कंडेन्सर नवा टाकायचा. तासाभराचं काम आहे."

"मिक्सरसुद्धा तासाभराचंच काम होतं."

मिक्सरचा विषय मी सासऱ्यांसमोर वाढू दिला नाही.

कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात गेलो. दुकान चालवणारा वायरमन हडकुळा, अबोल माणूस. त्याने कंडेन्सर काढून दिला आणि विचारलं, "बसवणार कोण?"

"मीच."

"मग वायरी सोडायच्या आधी फोटो काढून ठेवा साहेब."

मी नुसता हसलो. तीन वायरी लक्षात ठेवायला फोटो कशाला लागतो?

मेन स्विच बंद केला. सासऱ्यांची खाट भिंतीकडे सरकवली, मध्ये टेबल, टेबलावर स्टूल, स्टुलावर मी. बायकोने स्टूल धरलं होतं आणि डोळे मिटले होते. पंखा वर असताना जेवढा दिसतो, त्याच्या तिप्पट वजनाचा होऊन तो खाली येतो. हट्टी पोराला कडेवर घेऊन उतरावं तसा मी त्याला छातीशी धरून उतरलो. काजळीचा मोठा लोट सासऱ्यांच्या अंगावर गेला. पांढरं प्लास्टर करडं झालं.

"राहू द्या, राहू द्या," ते खोकत म्हणाले. "तुम्ही सावकाश करा, जावईबापू."

सासरे म्हणजे भिडस्त माणूस. जावयाने विष दिलं तरी आधी भांड्याची तारीफ करतील.

न्हाणीघरात पाती घासली. मोटर उघडली, बेअरिंग रॉकेलने पुसलं, तेल दिलं. हे सगळं मी बायकोच्या धुतलेल्या चादरीवर केलं, हे मला नंतर कळलं. सगळं परत जोडलं तेव्हा एक स्क्रू उरला. कुणी पाहिलं नाही असं बघून तो मी शर्टाच्या खिशात टाकला.

पंखा परत टांगला, नवा कंडेन्सर जोडला, खाट पंख्याखाली ओढली. बटण दाबलं आणि मी स्वतःवरच खूश झालो. आवाज नाही, कुरकुर नाही. पाती दिसेनाशी झाली.

"वा," सासरे म्हणाले. "काय वारा आहे!"

बायको खाटेच्या कडेला बसून वर बघत होती. "मला का लागत नाहीये?"

"भिंतीवरचं कॅलेंडर बघ."

कॅलेंडर फडफडत होतं. छताच्या कोपऱ्यातलं जाळं जोरजोरात हलत होतं. कपाटाच्या डोक्यावरची जुनी वर्तमानपत्रं उडून खाली आली. आणखी काय पुरावा हवा?

दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "बाबांची उशी ओली आहे."

मी तडक त्यांच्याकडे गेलो. "बाबा, वारा लागतो ना?"

"अगदी झकास. उलट थोडं गारच वाटतं," ते म्हणाले आणि पुराव्यादाखल त्यांनी चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली. मी बायकोकडे विजयी मुद्रेने पाहिलं. ती ओली उशी उचलून उन्हात टाकायला गेली.

तिसऱ्या दिवशी तिने मला स्वयंपाकघरात बोलावलं, दार लोटलं आणि हळू आवाजात म्हणाली, "माझे वडील तुमचा मान राखतायत. तुम्ही त्यांचा जीव राखा."

आता खरं तर मी पंख्याखाली पाच मिनिटं झोपून बघायला हवं होतं. पण मी ऐटीत ठरवलं, की दोष कंडेन्सरचा आहे. माल डुप्लिकेट. आपलं काम चोख झालंय, मग दुसरं काय असणार?

दुकानात तीन गिऱ्हाइकं होती. मी मुद्दाम सगळ्यांना ऐकू जाईल असा आवाज काढला. "काय माल विकता हो? पंखा फिरतो, पण वारा नाही."

वायरमनने माझ्याकडे पाहिलं. दुसरा कंडेन्सर काढून दिला.

घरी येऊन पहिला जसा जोडला होता, अगदी तस्साच तो जोडला. तेच. कॅलेंडर फडफडतंय, खाली शुकशुकाट. मी तसाच उलट पावली दुकानात. या वेळी आवाज आणखी चढला. "लोकांना फसवून दुकानं चालवता. माझ्या घरात म्हातारं माणूस आजारी आहे, याची तरी लाज बाळगा."

काउंटरपाशी एक टकलू गृहस्थ ट्यूबलाइट हातात धरून उभे होते. त्यांनी ट्यूब जपून काउंटरवर ठेवली आणि ते निघून गेले. वायरमनने त्यांच्या पाठमोऱ्या आकृतीकडे पाहिलं, मग ट्यूब उचलून जागेवर ठेवली. टेस्टर खिशात घातला. शटर अर्धं ओढलं.

"चला, बघू."

आम्ही दोघं एकदम दारातून आत शिरलो. सासऱ्यांना चाहूल लागली नाही. ते बनियनवर पडले होते, बनियन चिंब भिजलेलं. कपाटावरून पडलेल्या वर्तमानपत्राची घडी करून ते स्वतःला वारा घालत होते. मला पाहिलं आणि त्यांनी ती घडी झटकन उशीखाली सरकवली. मास्तरांनी पकडल्यावर मुलाने सरकवावी तशी.

"आता बंद करणारच होतो पंखा," ते म्हणाले. "फारच वारा झाला हो."

वायरमन पंख्याकडे बघत उभा राहिला. मग बटण बंद केलं. पाती हळूहळू दिसायला लागली.

"साहेब, कुठल्या बाजूला फिरतायत बघा."

मी पाहिलं. तरी कळलं नाही.

"उलटा फिरतोय. कंडेन्सरची वायर चुकीच्या ठिकाणी लावलीत. वारा वर चाललाय." त्याने खाटेकडे वळून विचारलं, "आजोबा, किती दिवस झाले?"

"कशाला?" सासरे म्हणाले. मग माझ्याकडे एकवार बघून, अगदी नाइलाजाने, "तीन."

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने टेबल पुढे ओढलं आणि त्यावर स्टूल ठेवलं.

वायरमन वर चढला. मी स्टूल धरलं. दोन मिनिटांत वायर बदलली. मग त्याने मोटरच्या कव्हरवरून बोट फिरवलं. "इथला एक स्क्रू दिसत नाही."

मी खिशातून काढून दिला. तीन दिवस मी तो रोज एका शर्टातून दुसऱ्या शर्टात टाकत होतो.

बटण दाबलं. वारा खाली आला. सासऱ्यांचे उरलेसुरले केस कपाळावर उडाले. त्यांनी डोळे मिटले. या वेळी "झकास" म्हणाले नाहीत, "जावईबापू" म्हणाले नाहीत. बघता बघता घोरायला लागले. तीन दिवसांची झोप होती ती. मी तिथे उभा राहू शकलो नाही.

वायरमन जाताना एवढंच म्हणाला, "शटर अर्धं उघडंय, जातो."

दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो. ओरडलो होतो चारचौघांत, तेव्हा माफीही चारचौघांत मागायची, असं ठरवून गेलो. तिथे पाच जण होते, पण कालचा एकही नव्हता. तरी मी मोठ्याने सगळं सांगितलं. उलटा पंखा, दोन कंडेन्सर, मी काय बोललो ते. एका बाईंनी विचारलं, "म्हणजे वारा छताला लागत होता?" मी हो म्हणालो. सगळे हसले. वायरमन तेवढा हसला नाही. "झालं गेलं साहेब," म्हणाला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

पण मन खात होतं ते त्या टकलू गृहस्थांसाठी. माझ्यामुळे बिचाऱ्या वायरमनचं एक गिऱ्हाईक तुटलं. आठवडाभर मी जातायेता रस्त्यावर टकलं शोधत होतो. शेवटी न्हाव्याच्या दुकानात सापडले. मी समोर जाऊन हात जोडले. "त्या दिवशी माझं ऐकून तुम्ही ट्यूब ठेवून गेलात. वायरमनचा काही दोष नव्हता."

ते गोंधळले. "मी? मी तर ट्यूब दोन फुटी हवी की चार फुटी, ते घरी विचारायला गेलो होतो. नंतर येऊन घेतली की. का हो, तुम्ही काय म्हणत होतात?"

न्हाव्याने कात्री थांबवली. बाकावरच्या दोघांनी पेपर खाली केला. मग काय करणार? सांगितलं. पहिल्यापासून.